माळ्यावरचा ट्रान्झिस्टर पुन्हा बोलता करताना

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की घराघरांतले माळे रिकामे होतात आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर चामडी कव्हरातला एखादा ट्रान्झिस्टर खाली उतरतो. सेल घातले, खटका फिरवला, आवाज आला नाही की तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. तिथे जाण्याइतका तो बहुधा बिघडलेला नसतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या या संचांत काय बिघडतं ते ठरलेलं आहे, कुठल्या क्रमाने शोधायचं तेही ठरलेलं आहे. डाख देता येत असेल आणि मल्टिमीटर वाचता येत असेल, तर दोन सुट्टीच्या दुपारी पुरतात.

आत काय आहे ते आधी ओळखून घ्या, कारण विसाव्या शतकाच्या मध्यावरचे काही मोठे शोध या एका डब्यात शेजारीशेजारी बसले आहेत आणि प्रत्येकाची मोडण्याची तऱ्हा वेगळी आहे. डिसेंबर १९४७मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवला. विल्यम शॉकली यांनी पुढे मांडलेला जंक्शन ट्रान्झिस्टर कारखान्यात बनवायला सोयीचा निघाला, आणि तिघांना १९५६चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ऑक्टोबर १९५४मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या रीजन्सी टीआर-१ या खिशात मावणाऱ्या रेडिओत चार ट्रान्झिस्टर होते आणि त्याला साडेबावीस व्होल्टची बॅटरी लागायची. तुमच्या हातातल्या संचात सहा-सात ट्रान्झिस्टर असतील आणि तो सहा किंवा नऊ व्होल्टवर चालत असेल. आतली काळी दांडी फेराइटची आहे. हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत या पदार्थावर काम झालं आणि त्यामुळे खिडकीतून बाहेर ताणायची लांब एरिअल मिडियम वेव्हपुरती तरी गेली. तपकिरी बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा म्हणजे पॉल आयस्लर यांनी ब्रिटनमध्ये पुढे नेलेलं छापील सर्किट. सगळ्याची मांडणी मात्र जुनी, एडविन आर्मस्ट्राँग यांची १९१८ची सुपरहेटरोडाइन पद्धत: आलेली लाट संचातल्याच दुसऱ्या लाटेत मिसळून एका ठरलेल्या मधल्या वारंवारितेवर, म्हणजे आयएफवर, आणायची. ती वाल्वच्या रेडिओत होती, तीच इथे आहे.

यातला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर सगळ्यात शेवटी संशयाखाली घ्यायचा. एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईल. एरवी दोष असतो तो सेलच्या पट्टीत, खटक्यात, इअरफोनच्या भोकात आणि वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये. बोर्ड पाहिल्याबरोबर ट्रान्झिस्टर उपटायला घेणारा माणूस चालता संच मारून ठेवतो.

हाताशी काय हवं

२५ वॅटचं बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० रोझिनवालं बारीक सोल्डर, सोल्डर ओढून घ्यायचा पंप, डिजिटल मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, प्लास्टिक किंवा बांबूचा स्क्रू ड्रायव्हर. भांड्यांना डाख देताना वापरतात ती आम्लाची पेस्ट अजिबात नको, ती वर्षभरात तांब्याच्या वाटा खाऊन टाकते.

भागांत १६ किंवा २५ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर घ्या: १० मायक्रोफॅरडचे पाच, १०० मायक्रोफॅरडचे चार, २२० मायक्रोफॅरडचे दोन. डायलची दोरी दीड मीटर. एवढं ठाण्यात स्टेशनजवळच्या किंवा वाशीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळायला अडचण नसावी. जर्मेनियम ट्रान्झिस्टर लागलाच तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा लागेल. त्याला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण विचारताना जुनंच नाव चालतं. तिथेही काढीव माल नव्याच्या भावात मिळतो. पाय आखूड आणि टोकाला सोल्डर लागलेलं दिसलं तर तो माल काढीव आहे, तपासल्याशिवाय घेऊ नका.

उघडणं आणि वाळवणं

चामडी कव्हरावर बुरशी असतेच, खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तिला पुरतो. कव्हर उघड्यावर, सावलीत, कोरड्या ब्रशने झाडा. नाका-तोंडाला रुमाल बांधा. कव्हराच्या कप्प्यात पोस्टाची रेडिओ-परवान्याची पुस्तिका मिळाली तर ती जपून बाजूला ठेवा, त्यावरून संचाचं साल कळतं.

प्लास्टिकच्या खोक्याला थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचं द्रावण लावू नका. प्लास्टिक पांढरं पडतं, चिकट होतं आणि डायलवरची अक्षरं पुसली जातात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं बस्स.

पावसाळ्यात काम करत असाल तर बोर्ड आधी वाळवा. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा, बोर्ड बल्बपासून वीतभर लांब ठेवा, झाकण अर्धं उघडं ठेवा, तीन-चार तास जाऊ द्या. बोर्ड हाताला कोमट लागला पाहिजे, चटका बसता कामा नये. फार तापवलंत तर आयएफटीतलं (आयएफच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधलं) आणि फेराइटवरच्या कॉइलचं मेण वितळून सगळी जुळणी हलते. दमट तपकिरी बोर्डावर मोजलेले आकडे फसवतात, म्हणून ही पायरी टाळू नका.

सेलच्या कप्प्यात जुने सेल राहिले असतील तर ते फुटून पट्ट्यांवर पांढरा-हिरवा थर बसलेला असतो. त्या काळातले सेल झिंक-कार्बनचे, त्यांचा स्राव आम्लधर्मी. चमचाभर खाण्याचा सोडा अर्ध्या कप पाण्यात घालून त्यात बुडवलेल्या ब्रशने घासा, मग साध्या पाण्याने, शेवटी अल्कोहोलने पुसा. नंतर कुणी अल्कलाइन सेल घातले असतील आणि ते गळले असतील तर सोडा कामाचा नाही, तिथे व्हिनेगरचे दोन थेंब लागतात. पट्टीवरचा निकेलचा मुलामा गेला असेल तर ब्लेडने खरवडून उघड्या धातूवर सोल्डरचा पातळ थर द्या. स्प्रिंग पूर्ण गंजली असेल तर बदला. वरून चकचकीत आणि आतून गंजलेली स्प्रिंग दोन-चार ओहम अडवते, आणि मग संच हळू आवाजात नीट चालतो पण मोठ्या आवाजात गुदमरतो. लोक मग स्पीकर बदलत बसतात.

चासीला प्लस की मायनस

कशालाही हात लावण्याआधी सेलच्या कप्प्यातून येणारी कुठली तार बोर्डाच्या रुंद, सगळीकडे पसरलेल्या तांब्याच्या पट्ट्याला, म्हणजे चासीला, जाते ते पाहा. साठच्या दशकातल्या बहुतेक जर्मेनियम संचांत पीएनपी, म्हणजे मायनस पुरवठ्यावर चालणारे, ट्रान्झिस्टर असतात आणि पट्ट्याला बॅटरीचं प्लस टोक जातं. ओसी ४४, ओसी ४५, ओसी ७१, ओसी ७२, एएफ ११५, एएफ ११७, एसी १२६, एसी १२८ ही नावं दिसली की तो संच या जातीचा समजा. बीएफ १९४, बीएफ १९५, बीसी १४८ दिसले तर तो सत्तरच्या दशकातला सिलिकॉनचा, आणि त्यात बहुधा मायनस पट्ट्याला असतं.

नव्या पिढीच्या हातून सगळ्यात जास्त चूक इथेच होते. चासी म्हणजे मायनस ही सवय बोटांत बसलेली असते, त्यामुळे नवा कंडेन्सर उलटा लागतो. प्लस चासीच्या संचात कंडेन्सरचं प्लस टोक चासीकडे येतं. उलटा लागलेला कंडेन्सर लगेच फुटत नाही. तो गळू लागतो, पुढच्या ट्रान्झिस्टरचं बायस (त्याला चालू ठेवणारा ठरलेला दाब) बिघडवतो, आणि महिन्याने संच पुन्हा बंद. बाहेरून अडॅप्टर लावणाऱ्यांनी तर टोकं दोनदा मोजावीत, उलटा दाब क्षणभर लागला तरी जर्मेनियम जातो. आमचा सल्ला असा की अडॅप्टर लावूच नका. आजचे स्विचिंग अडॅप्टर मिडियम वेव्हवर एवढा गोंगाट करतात की दुरुस्ती जमली की नाही हेच कळत नाही.

पहिलं माप: संच किती करंट ओढतो

नवे सेल घाला, खटका बंदच ठेवा. मल्टिमीटर २०० मिलिअँपियरच्या पट्टीवर लावून त्याच्या दोन सुया खटक्याच्या दोन टोकांना टेकवा. खटक्याचं काम आता मीटर करतो, कुठलीही तार न कापता पूर्ण संचाचा करंट दिसतो. पहिल्या वेळी एका सुईच्या वाटेत ४७ ओहमचा रेझिस्टर ठेवा, आत शॉर्ट असलाच तर नुकसान होणार नाही.

आवाज शून्यावर असताना ८ ते १५ मिलिअँपियर आले तर संच बहुतांशी निरोगी आहे. शून्य आलं तर सेलची पट्टी, तुटलेली तार किंवा तडा गेलेला बोर्ड शोधा. २५ ते ५० आले तर कुठला तरी कंडेन्सर गळतोय किंवा आउटपुट जोडीचं, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांचं, बायस चढलंय. फिलिप्सच्या काही संचांत त्या जोडीच्या बायसमध्ये थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर, असतो. तो तुटला की आउटपुट ट्रान्झिस्टर गरम होऊ लागतात आणि मे महिन्याच्या दुपारी स्वतःच्या उष्णतेने आणखी करंट ओढत जातात. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, म्हणून जानेवारीत घेतलेलं माप उन्हाळ्यात जुळत नाही. १००च्या वर गेलं तर लगेच सुया काढा आणि सेलच्या तारांवर आडवा बसलेला मोठा कंडेन्सर सोडवून पुन्हा मोजा.

मीटरने करंट बरोबर दाखवला पण खटका चालू केल्यावर संच मेलेलाच राहिला, तर खटक्यात दोष आहे. वॉल्यूम कंट्रोलच्या पाठीवर तो बसलेला असतो. फटीतून अल्कोहोलचे दोन थेंब सोडा आणि तीस-चाळीस वेळा चालू-बंद करा. कंट्रोलच्या आतल्या कार्बन पट्टीलाही तेच औषध, मात्र तिथे तेलकट स्प्रे मारू नका.

आवाजाची बाजू

संच मधोमध दोन भागांत तोडून तपासायचा, आणि ती मधली जागा म्हणजे वॉल्यूम कंट्रोल. त्याच्या मधल्या टोकाला ओल्या बोटाने किंवा लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने स्पर्श करा, आवाज पूर्ण वाढवून. स्पीकरमधून गुणगुण किंवा खरखर आली तर पुढचा भाग जिवंत आहे. नीट खात्री हवी असेल तर मोबाइलच्या हेडफोनच्या जोडणीतून १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमार्फत कंट्रोलच्या वरच्या टोकाला गाणं द्या, दुसरी तार चासीला. मोबाइल त्या वेळी चार्जिंगला लावलेला नको, आणि त्याचा आवाज अगदी कमी ठेवा.

काहीच आलं नाही तर आधी इअरफोनचं भोक पाहा. त्यात एक पितळी जीभ असते, इअरफोन घातला की ती उचलली जाऊन स्पीकर तुटतो. वर्षानुवर्षं हिरवा कळंक चढून ती जीभ टेकतच नाही, आणि पूर्ण चांगला रेडिओ मुका होतो. बारीक पॉलिश पेपरची पट्टी आत घालून दोनदा ओढली की काम होतं. मग स्पीकर: एक तार सोडवून दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर स्पर्श करा, खट्ट आवाज यायला हवा. बदलायची वेळ आली तर तेवढ्याच ओहमचा घ्या. आठच्या जागी चार ओहमचा लावला तर आवाज थोडा वाढल्यासारखा वाटतो आणि आउटपुटची जोडी तापते.

आता कंडेन्सर. पन्नास-साठ वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक आतून वाळलेले असतात, आणि कुठला गेला ते आवाजच सांगतो. सेलच्या तारांवरचा १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा गेला की मोठ्या आवाजात बोटीच्या इंजिनासारखी फटफट सुरू होते. सेल नवे असताना ती नसते आणि सेल उतरले की येते, म्हणून लोक सेललाच दोष देतात. दोन टप्प्यांमधला जोडणारा कंडेन्सर गेला की आवाज दबका, पातळ, खर्ज नसलेला येतो. एमिटरवरचा (एमिटर, बेस, कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय) गेला तर आवाज कमी पण स्वच्छ. खात्री करायची तर नवा कंडेन्सर जुन्याच्या पायांवर समांतर टेकवून ऐका. फरक पडला की जुना काढून नवा लावा.

आम्ही सगळे एकदम बदलायला सांगत नाही. एक काढा, एक लावा, संच चालवून ऐका, मग पुढचा. सगळे एकदम बदलले आणि संच बंद पडला तर चूक कुठल्या जागी झाली हे शोधायला दुसरा दिवस जातो. शिवाय तपकिरी बोर्डावरचं तांबं उष्णतेने सुटतं. एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न टेकवू नका, सोल्डर वितळला नाही तर थोडा नवा सोल्डर घालून मग पंपाने ओढा. ट्रान्झिस्टरच्या पायाजवळ काम असेल तर त्या पायाला चिमट्याने वरून पकडा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. ओसी ७१च्या आतलं जंक्शन ७५ अंशांपलीकडे सुरक्षित नाही, आणि आयर्नचं टोक ३०० अंशांच्या पुढे असतं.

ओसी मालिकेतल्या काचेच्या ट्रान्झिस्टरवर काळा रंग असतो, तो शोभेसाठी नाही. जर्मेनियम प्रकाशाला प्रतिसाद देतो. रंग खरवडला गेला असेल तर ट्यूबलाइटखाली संच गुणगुणतो आणि अंधारात गप्प होतो. काळ्या नेलपॉलिशचे दोन हात त्यावर पुरतात.

आउटपुटची जोडी खरंच गेली असेल तर दोन्ही एकदम बदला, एकाच नंबरचे, जवळजवळ सारख्या मापाचे. मल्टिमीटरवर डायोडच्या खुणेला बेस-एमिटर ०.१५ ते ०.३ व्होल्ट दाखवतात. ०.६ दिसलं तर तुमच्या हातात सिलिकॉन आहे. मीटरवरच्या एचएफई (ट्रान्झिस्टर किती पट वाढवतो ते मोजणाऱ्या) भोकावर विसंबू नका, तो गळतीचा करंटही गुणांत धरतो आणि निकामी जर्मेनियमला सर्वांत जास्त मार्क देतो. जर्मेनियमच्या जागी सरळ बीसी ५५७ बसवला तर आवाज येत नाही किंवा फाटका येतो, कारण सर्किट बेसला ०.१५ व्होल्टच्या आसपास देतंय आणि सिलिकॉन ०.६ मागतो. त्यासाठी बायसचे रेझिस्टर बदलावे लागतात, आणि तेवढं करायचं तर मूळ नंबर शोधणं सोपं.

एएफ ११७ची मिशी

हाच तो अपवाद. एएफ ११४ ते एएफ ११७ ही चार पायांची, उंच पत्र्याच्या टोपीची मालिका त्या काळच्या असंख्य संचांत रेडिओ आणि आयएफ टप्प्यांत आहे. टोपीच्या आतल्या बाजूला कथिलाचा मुलामा असतो, आणि त्यातून वर्षानुवर्षं केसाहून बारीक कथिलाचे धागे वाढत जातात. एखादा धागा आतल्या पायाला टेकला की तो पाय टोपीला, म्हणजे चासीला शॉर्ट होतो. म्हणजे ट्रान्झिस्टर चांगला असूनही संच बहिरा. संच वापरात नसला तरी ही वाढ थांबत नाही, म्हणून कपाटात नीट ठेवलेले संचही असे निघतात.

पाय ओळखायला सोपे: तीन जवळजवळ, एक थोडा लांब. लांबचा कलेक्टर. उरलेल्या तिघांत मधोमध असलेला पाय बेस हे लक्षात ठेवा. एका टोकाकडून क्रम एमिटर, बेस, टोपीचा पाय आणि मग अंतर सोडून कलेक्टर असा आहे. आधी टोपीचा पाय बोर्डापासून सोडवा. मग मल्टिमीटर सर्वांत मोठ्या ओहम पट्टीवर लावून टोपी आणि उरलेला प्रत्येक पाय यांच्यात मोजा. प्रत्येक वेळी काहीच दिसता कामा नये. एका पायाशी शेकडो किंवा काही ओहम दिसले तर धागा सापडला.

एकच पाय टेकलेला असेल तर टोपीचा पाय कायमचा तोडून ठेवा, संच लगेच बोलू लागतो. टोपी चासीला नसल्यामुळे क्वचित शिट्टी येते, बहुधा येत नाही. दोन पाय टेकलेले असतील तर ते टोपीमार्गे एकमेकांना शॉर्ट आहेत, तिथे हा उपाय लागू नाही. काही जण चार्ज केलेल्या कंडेन्सरचा झटका देऊन धागा जाळतात. तो जळतो, पण दुसरा उगवतो. शक्य असेल तर एएफ १२४ ते एएफ १२७ मालिकेतला बसवा, पाय मोजून. आणि एका ट्रान्झिस्टरमध्ये धागा सापडला असेल तर त्याच संचातले बाकीचे त्याच बैठकीत तपासा.

स्टेशन नाही, नुसती सळसळ

आवाजाची बाजू ठीक, आयएफमधून मंद सळसळ येते, डायल फिरवली तरी एकही स्टेशन नाही. अशा वेळी ऑसिलेटर, म्हणजे मिसळायची दुसरी लाट तयार करणारा भाग, बंद आहे का ते पाहायचं, आणि त्याला यंत्र लागत नाही, दुसरा चालू रेडिओ लागतो. मुंबई आकाशवाणीचं अस्मिता ५५८ किलोहर्ट्झवर आणि संवादिता १०४४ किलोहर्ट्झवर अशी जुनी ओळख आहे. चांगला रेडिओ १०४४वर लावा. दुरुस्तीचा संच त्याला चिकटवून ठेवा आणि त्याची डायल ५८९च्या आसपास हळू फिरवा. संचाचा ऑसिलेटर लावलेल्या जागेपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो, म्हणजे ५८९ला तो बरोबर १०४४वर येतो आणि चांगल्या रेडिओत शिट्टी उमटते. वरून खाली घसरणारी, मग पुन्हा वर चढणारी. शिट्टी आली तर ऑसिलेटर चालू. युरोपीय घडणीच्या काही संचांत आयएफ ४७० असते, तिथे शिट्टी ५७४ला येईल.

शिट्टी नसेल तर बँड स्विच आधी. मिडियम आणि शॉर्ट वेव्हच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात, अल्कोहोल सोडून वीस वेळा इकडे-तिकडे करा. जेवढे ऑसिलेटर मेलेले म्हणून येतात त्यांतले पुष्कळ इथेच जिवंत होतात. मग गँग, म्हणजे डायलबरोबर फिरणारा स्टेशन लावायचा कंडेन्सर. पत्र्याची हवेची गँग असेल तर डायल फिरवताना एखाद्या जागी खर्रखर्र होऊन आवाज जातो, म्हणजे पाकळ्या टेकताहेत. उजेडासमोर धरून कुठली पाकळी वाकली ते पाहा आणि पातळ ब्लेडने सरळ करा. प्लास्टिकच्या बंद गँगला इलाज नाही, बदलावी लागते.

फेराइटवरची कॉइल बारीक अनेक पदरी तारेची असते. खाडीकाठच्या घरांत तिच्या टोकांना हिरवा कळंक चढून निम्मे पदर तुटलेले असतात. मीटर तार जोडलेली दाखवतो, तरी स्टेशनं क्षीण येतात. टोक अर्धा सेंटिमीटर कापा, मुलामा अलगद खरवडा, सगळे पदर एकत्र पिळून डाख द्या. दांडी पडून दोन तुकडे झाली असेल तर कडा घट्ट जुळवून चिकटवा. थोडं बळ कमी होतं, पण चालतं.

मळसूत्रांना हात

पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या आयएफटी दिसल्या की फिरवून पाहायचा मोह होतो. फिरवू नका. कारखान्यात लावलेली जुळणी इतक्या वर्षांनीही फारशी हललेली नसते, आणि कुणी छेडलेली नसेल तर वरचं मेण शाबूत दिसतं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने फेराइटचं डोकं तडकतं आणि मग आयएफटीच बदलावी लागते.

मेण फुटलेलं असेल, म्हणजे आधी कुणीतरी हात घातला असेल, तर मात्र जुळणी करावी लागेल. आवाज अगदी कमी ठेवून क्षीण स्टेशन लावा, प्लास्टिकच्या टोकाने शेवटच्या आयएफटीपासून सुरुवात करून मागे या, प्रत्येक जागी आवाज सर्वांत मोठा होईल तिथे थांबा. पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नका. जोरदार स्टेशनवर हे करू नका, संच आपोआप आवाज आवरतो आणि शिखर कळत नाही.

डायलसाठी: काटा ५५८वर ठेवून ऑसिलेटर कॉइलचं डोकं फिरवत अस्मिता तिथे आणा, मग फेराइटवरची कॉइल सरकवून आवाज वाढवा. वरच्या टोकाला, १४००ला, जोरदार स्थानिक स्टेशन नाही. तिथे जुन्या घडणीचा दुसरा रेडिओ ९४५वर लावून शेजारी ठेवा, त्याचा ऑसिलेटर १४०० किलोहर्ट्झची लाट देतो आणि तुमच्या संचातली सळसळ त्या जागी एकदम दबते. ती जागा डायलवर १४००ला येईपर्यंत गँगवरचा ऑसिलेटर ट्रिमर (बारीक जुळणीचा स्क्रू) फिरवा, मग शेजारचा एरिअल ट्रिमर. नव्या डिजिटल चिपच्या रेडिओने हे होत नाही, त्यात ४५५चा हिशेब नसतो. खालचं आणि वरचं टोक एकमेकांना हलवतात, म्हणून तीन वेळा आलटूनपालटून करा. डायल मीटरमध्ये छापलेली असेल तर ५५८ म्हणजे ५३८ मीटर आणि १०४४ म्हणजे २८७ मीटर.

डायलची दोरी घसरत असेल तर ती सोडवण्याआधी तिच्या वाटेचा फोटो काढा. खुंटीभोवती अडीच वेढे, स्प्रिंग अर्धी ताणलेली. मासेमारीची नायलॉन दोरी लावू नका, ती गुळगुळीत असल्याने घसरते.

ठेवायचा कुठे

फेराइटची दांडी बाजूने ऐकते, टोकांकडून ऐकत नाही. आकाशवाणीचे मिडियम वेव्हचे मनोरे मालाडला आहेत, म्हणजे ठाण्यातून येऊरच्या डोंगराआड जवळजवळ सरळ पश्चिमेला. म्हणून ठाण्यात दांडी दक्षिणोत्तर राहील असा संच ठेवा. वाशी-नेरुळहून मालाड वायव्येला पडतं, तिथे दांडी ईशान्य-नैर्ऋत्य. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत स्लॅबमधली सळई लाटा अडवते, तिथे पश्चिमेच्या खिडकीपासून हातभर अंतर योग्य. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स आणि लिफ्टची मोटर यांचा गोंगाट वेगवेगळा ओळखू येतो. घरातला मेन स्विच मिनिटभर बंद करा, गेला तर घरातला, राहिला तर बाहेरचा. बाहेरचा असेल तर दांडीचं टोक गोंगाटाकडे वळवा, तो बराच मावळतो.

आठवड्यातून दोनदा अर्धा तास तरी संच चालवा, नवे कंडेन्सर आणि जुने खटके दोन्ही वापराने चांगले राहतात. आणि महिनाभर लावणार नसाल तर सेल काढून ठेवा, विशेषतः जूनच्या आधी.